कलम फेल गेलं की काडीला शिव्या, चाकू कोण बघतो?



ऑगस्ट लागला की डॉगरीजवर कलमं सुरू होतात, आणि सप्टेंबरअखेर ग्रुपवर फोटो सुरू होतात. "काडी काळी पडली, डोळा फुगलाच नाही, कारण काय?" मग उत्तरांचा पाऊस. काडी शिळी होती. हवेत ओल कमी पडली. खुंट बारीक होता. पट्टी सैल बांधली. यातलं खोटं काहीच नाही. पण भाऊ, चाकूला धार होती का आणि ती कुणी लावली होती, हे विचारणारा एकही माणूस मला अजून भेटला नाही.

मी तरी कुठं विचारत होतो! दोन वर्षांमागं कलमाचा चाकू बाजारात मोटारीच्या चाकावर धार लावून आणला. ठिणग्या उडाल्या, पातं चकाकलं, टोकाकडं जरा निळसर झाक आली. मला वाटलं, काय धार लावलीय! दुपारपर्यंत चाकू पुन्हा बोथट. नंतर समजलं, साध्या कार्बन पोलादावर निळा रंग आला म्हणजे ते तीनशे अंशांच्या आसपास तापलं. पात्याचं पाणी उतरलं. मग कितीही पाजळा, धार टिकत नाही. त्या चाकूनं केलेल्या ओळींत त्या साली सगळ्यात जास्त नांग्या पडल्या. सगळा दोष धारेचाच असं छातीठोक म्हणत नाही, पण काडी तीच होती, माणूस तोच होता.

पाचर कलमात आपण करतो काय? काडीला दोन्ही बाजूंनी दीड-दोन इंचाचा तिरका काप, खुंटाला मधोमध चीर, आणि दोन्हीच्या सालीखालचा तो हिरवा पातळ थर, कॅम्बियम, एकमेकाला भिडवायचा. हा थर कागदासारखा. बोथट चाकू लाकूड कापत नाही, चेपतो आणि फाडतो. कापाला लाटा येतात. लाटेच्या खोलगटात हवा राहते, तिथं जोड धरत नाही, काडी सुकते. पट्टी कितीही आवळा, ती पोकळी बाहेरून दिसत नाही.

आता मुद्दा. धार म्हणजे ताकद नाही, धार म्हणजे कोन. प्रत्येक घासणीला दगड पात्याला त्याच कोनात लागला पाहिजे. निसण्यावर हातानं घासताना आपला कोन प्रत्येक वेळी हलतो आणि कडा गोल होते. जुन्या लोकांचा हात बसलेला होता, मान्य. आमचे आबा विळा असा पाजवायचे की गवताला कळायचं नाही. पण आबा रोज पाजवायचे. आपण वर्षातून चार वेळा दगड हातात घेणार आणि वर मिशीला पीळ देणार, "हातानं लावलेली धार तीच खरी!" ही कला नव्हे दादा, ही मिजास आहे.

म्हणून मी गाईडवाला शार्पनर घेतला. चिमट्यात पातं धरायचं, दगडाला दांडी असते, ती ठरलेल्या भोकातून जाते. हात हलला तरी कोन फारसा हलत नाही. एका फवारणीच्या खर्चात येतो. काही जण हसले, "हे शहरातल्या हौशी लोकांचं खेळणं." असंल. ते लोक पात्यात तोंड दिसेपर्यंत घासत बसतात, तो नाद आपल्याला नको. चारशे, मग हजार नंबर, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर चार हात. बास.

पण यंत्र आणलं म्हणजे डोकं गहाण ठेवायचं नाही. वीसच्या भोकात दांडी घातली म्हणजे कोन वीसच असतो असं नाही. पातं चिमट्याच्या बाहेर किती आलंय त्यावर कोन बदलतो. म्हणून उताराच्या भागावर मार्करनं रेघ मारा, दोन हात घासा आणि बघा. वरचीच शाई गेली तर कोन लहान, फक्त काठाची गेली तर मोठा. सगळी गेली की जमलं. पातं कुठं धरलं त्याची खूण करून ठेवा, पुढच्या वेळी तिथंच धरा. पातं सरकत असेल तर मध्ये जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा घाला. आणि अंगठा धारेपुढं आणू नका, माझ्या अंगठ्यावर खूण आहे.

कलमाच्या चाकूला उतार एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू सपाट. सपाट बाजू लाकडावर टेकून चालते म्हणून काप सरळ येतो. तिला उतार देऊ नका, चाकू बाद कराल. उताराची बाजू गाईडवर घासा. पलीकडं बोटाला खरखर लागली की सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून हलके दोन-तीन हात मारा, ती खरखर जाते.

"दाढीचं ब्लेड वापर, फेकून दे" म्हणणारेही आहेत. रोपवाटिकेत टोमॅटो-वांग्याच्या कोवळ्या रोपांना ब्लेडच बरं, तिथं वाद नाही. पण पिकलेल्या द्राक्षकाडीत ब्लेड वाकतं, आणि वाकलं की कापाला पुन्हा लाटा.

आणि आमच्या सल्लागार साहेबांना हात जोडून एक प्रश्न. शेड्यूलमध्ये तुम्ही औषध ग्रॅम-मिलीत लिहिता, पाणी लिटरात लिहिता. कलमाच्या पानावर चाकूची एक ओळ का नसते? काडी न्यायला, पट्टी तपासायला सांगता, मग धार तपासायला सांगताना पेन का अडतं? नांगी पडली की वर्षभर मागं राहणारा वेल आमचा असतो.

तपासणी साधी आहे. काडीचे दोन तुकडे एकाच तिरकाईनं कापा, कापाला काप लावा आणि उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर चाकू परत दगडावर.

सोमवारी आमच्याकडं कलमाची टोळी येतेय. मुकादमाला फोनवर सांगून ठेवलंय, पहिल्या चहाच्या आधी प्रत्येकाचा चाकू बघणार. तो म्हणाला, "मालक, पोरं रागावतील." म्हटलं रागावू देत, शार्पनर ओट्यावर मांडून ठेवतो, धार माझ्याकडून फुकट.