चाळ नंबर सांग आधी!

रात्रीचे साडेनऊ. अ‍ॅनी बेझंट रोडवरचं आमचं ऑफिस जवळपास रिकामं. एसीची घरघर, मावशींच्या बादलीचा आवाज आणि कोपऱ्यातल्या टेबलावरून... हुंदका? जाऊन बघते तर आमच्या टीममधली ज्युनिअर. बी.कॉम. झालेली, पायथन स्वतःच्या हिमतीवर शिकलेली. स्क्रीनवर लाल अक्षरांत एकच रड : ‘मॉड्यूल नॉट फाउंड’.

‘‘ताई, पाच वेळा इन्स्टॉल केलं गं! पहिल्यांदा ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ म्हणाला, आता ‘ऑलरेडी सॅटिस्फाइड’ म्हणतो. आणि इम्पोर्ट करायला गेलं की सापडतच नाही म्हणे!’’

काम होतं ग्राहकांच्या मराठीतल्या तक्रारी वाक्यावाक्यांत सुट्या करून मोजायचं. त्यासाठी तिनं शोधलेली लायब्ररी अगदी योग्य होती, ‘इंडिक एनएलपी लायब्ररी’. पवईच्या आयआयटीत पीएचडी केलेल्या अनूप कुंचुकुट्टन यांची. मराठीची वाक्यं तोडते, शब्द सुटे करते, एकच अक्षर दोन तऱ्हांनी टाइप झालं असेल तर एकसारखं करून देते. सकाळी दहाला रिपोर्ट द्यायचा होता. नाही जमला तर काम दुसऱ्याकडे, आणि ही पुन्हा एक्सेलमध्ये व्हाउचर चढवायला.

‘‘कॉमर्सवाल्यांचं कामच नाहीये हे,’’ ती पुटपुटली. खरं सांगते, मी चिडले. कॉम्प्युटर अडला की हिची डिग्री खराब?

खुर्ची ओढून बसले. तिच्या नोटबुकमध्ये दोन ओळी टाइप करायला लावल्या : ‘इम्पोर्ट सिस’ आणि खाली ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’. आत्ता जो पायथन चालतोय तो कुठल्या फोल्डरमध्ये बसलाय, ते यातून कळतं. मग काळ्या खिडकीत ‘व्हेअर पायथन’ (मॅकवाल्यांनो, तुमच्यासाठी ‘व्हिच’). दोन उत्तरं, दोन वेगळे पत्ते! एक पायथन ऑफिसनं दिलेल्या अ‍ॅनाकोंडाबरोबर आलेला, दुसरा हिनं शिकताना कधीतरी डाउनलोड केलेला. इन्स्टॉल होत होतं दुसऱ्यात, नोटबुक चालत होतं पहिल्यावर.

ती दोन मिनिटं गप्प. मग एकदम म्हणाली, ‘‘अय्या, म्हणजे चाळ चुकली!’’

तिचं लहानपण इथल्याच बीडीडी चाळीतलं. १९२०च्या दशकात बांधलेल्या, वरळीत अशा १२१ चाळी. तळमजला अधिक तीन मजले, एकेका चाळीत ८० खोल्या, आणि सगळ्या एका छापाच्या. आता पुनर्विकासात तिथे टॉवर उभे राहताहेत, पण तिच्या डोक्यातला नकाशा जुनाच. ‘‘पत्रावर नुसता खोली नंबर असेल तर पोस्टमन कुठल्या चाळीत टाकणार? तो म्हणणारच, पोचवलं. आणि आपण आपल्या दारात वाट बघत बसणार!’’

मी पायथनवर इतके क्लास ऐकले, इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक पायथनची लायब्रऱ्या ठेवायची जागा वेगळी. म्हणून नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता पुढे ‘पायथन डॅश एम’ जोडायचं, म्हणजे ‘पायथन’ म्हटल्यावर जो चालतो, त्याच्याच खोलीत सामान उतरतं. नोटबुकमध्ये असाल तर ‘पिप’च्या आधी पर्सेंटचं चिन्ह. ती टाकते, नोटबुकचा कर्नल रीस्टार्ट करते, इम्पोर्ट करते...

पुन्हा लाल!

आता माझाही घसा कोरडा. नीट वाचलं तर हसूच आलं. इन्स्टॉल करतानाचं लांबलचक नावच तिनं डॅशच्या जागी अंडरस्कोअर घालून इम्पोर्टपुढे लिहिलं होतं. इम्पोर्टसाठी नाव आहे नुसतं ‘इंडिकएनएलपी’, सलग, स्मॉल अक्षरांत. रेशनकार्डावर एक नाव, घरात हाक मारायला दुसरं, तशातली गत. फोटोंसाठीची ‘पिलो’ इम्पोर्ट होते ‘पीआयएल’ म्हणून, ‘सायकिट-लर्न’ होते ‘एसकेलर्न’, ‘ओपनसीव्ही-पायथन’ तर चक्क ‘सीव्ही२’! लायब्ररीच्या स्वतःच्या माहितीत दोन्ही नावं असतात, तिथूनच उचला. अंदाजानं नाव ठोकून इन्स्टॉल करू नका हं. मिळतीजुळती नावं घेऊन घातक कोड टाकणारे महाभाग बसलेलेच असतात.

(माझीही एक फजिती सांगून टाकते. एकदा मी माझ्याच फाइलला ‘रँडम डॉट पीवाय’ असं नाव दिलं. पायथन आधी शेजारी बघतो, त्याला माझीच फाइल सापडली, आणि खरी ‘रँडम’ राहिली बाजूला. दीड दिवस गेला.)

अकराला पाच कमी असताना पहिली तक्रार वाक्यांत सुटली. बिल दोनदा आल्याची होती. आम्ही दोघींनी ती तीनदा वाचली. निघण्याआधी तिला एक गोष्ट मात्र करायला लावली : या कामासाठी ‘व्हीएनव्ही’नं वेगळं एन्व्हायर्नमेंट. या कामाचं सामान या कामाच्याच खोलीत.

सकाळी पावणेदहाला रिपोर्ट गेला. सव्वादहाला अकाउंट्समधला मुलगा हिच्या टेबलाशी, हातात लॅपटॉप, चेहरा पडलेला. ‘‘अगं, इन्स्टॉल केलंय, पण सापडत नाही म्हणतोय.’’

हिनं चहाचा कप खाली ठेवला. ‘‘आधी चाळ नंबर सांग.’’