आधी उड्या, मग पाढे

'टू वन्जा टू, टू टूजा फोर...' कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या प्रत्येकाने हे कोरसमध्ये म्हटलेलं असतं. आता सांगा, हे 'जा' म्हणजे काय? 'टू वन्स आर टू' भरभर म्हणता म्हणता झिजलं आणि त्याचं 'वन्जा' झालं, हे वर्गात कुणी सांगत नाही. पण मराठी माध्यमवाल्या मित्रांनो, हसू नका! 'बे', 'त्रिक', 'चोक' म्हणजे काय हे तुम्हाला तरी दुसरीत कुणी सांगितलं होतं?

माझं पाठांतराशी भांडण नाही. व्हायवाला सात आठे किती यासाठी कॅल्सी शोधणारे भावी इंजिनीअर आपल्याच बेंचवर बसतात. पाढे हवेतच. भांडण आहे ते क्रमाशी.

शेजारच्या काकूंचा मुलगा दुसरीत आहे. रोज एक पाढा दहा वेळा लिहायचा, असा होमवर्क. पठ्ठ्या काय करतो? आधी सगळे सात उभे लिहून काढतो, मग गुणाकाराची चिन्हं, मग एक ते दहा, आणि उत्तरं शेवटी वरून कॉपी! (आपली जर्नल्स आपण अशीच पूर्ण करतो, त्यामुळे मी काय बोलणार.) सात त्रिक एकवीस त्याला येतं, पण सात चोक विचारलं की पुन्हा 'सात एके सात'पासून गाडी सुरू. एकवीसमध्ये अजून एकदा सात मिळवायचे, हे डोक्यातच नाही. आणि हा सात वर्षांचा मुलगा 'मला मॅथ्स जमत नाही' असं अगदी शांतपणे सांगतो. हे मला खरंच लागलं.

म्हणून आधी उड्या हव्यात. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढताना दोन, चार, सहा. उतरताना उलट. रिक्षा स्टँडवर उभ्या रिक्षांची चाकं मोजताना तीन, सहा, नऊ. पाचासाठी भिंतीवरचं घड्याळ आहेच. उडी अंगात भिनली की पाढा म्हणजे त्या उड्यांची नुसती नोंद.

आणि पाढ्यांचा डोंगर वाटतो तेवढा मोठाही नाही. एक ते दहाचे पाढे म्हणजे १०० गुणाकार. पण तीन पाचे आणि पाच त्रिक एकच, म्हणून खरे ५५. त्यातून एक, दोन, पाच आणि दहाचे सोपे काढले तर उरतात फक्त २१! त्यातही सहा नऊचे, आणि ते मराठीत चक्क ऐकूच येतात. अठरा, सत्तावीस, छत्तीस, पंचेचाळीस, चौपन्न, त्रेसष्ट, बहात्तर, एक्याऐंशी. प्रत्येक शब्दाची फक्त सुरुवात ऐका. आठ, सात, सहा... थेट एकापर्यंत उतरत जातात. इंग्रजीत दशक आधी बोलतात, त्यामुळे आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांच्या कानांना ही गंमत कळलीच नाही.

अर्थात हीच गंमत लहानांना अडतेही. २७ लिहिताना आधी दोन, बोलताना आधी सात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर पाच' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! विनोदांचा तर पाऊस पडला. 'एकोणऐंशी' ऐकल्यावर दोन सेकंद थांबणाऱ्या माझ्यासारखीला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. उड्या शिकताना मूल 'वीस सात' म्हणालं तर म्हणू द्या की. 'सत्तावीस' पुढे पाढ्याबरोबर येईलच.

आणि प्लीज, पाहुण्यांसमोर 'म्हण रे नऊचा पाढा' हा प्रकार बंद करा. त्यापेक्षा दाराबाहेरच्या चपला मोजायला पाठवा. जोड किती आणि चपला किती, दोन्ही विचारा.