दिसायला झकास, पोसायला?

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मला देखण्या गाड्या आवडतात. नीट ठेवलेली एखादी लाल पोलो बाजूने गेली की माझी मान अजूनही वळते. त्यामुळे "गुपचूप पांढरी गाडी घ्या आणि पैसे वाचवा" छापाचा हा लेख नाही. माझं भांडण आहे ते एका वाक्याशी, जे ऑफिसच्या कँटीनमध्ये गाडीचा विषय निघाला की कोणीतरी टाकतंच: "गाडी दिलसे घ्यायची असते रे, एक्सेलमध्ये नाही."

हे वाक्य टाकणारे कोण असतात? एखादी लायब्ररी प्रोजेक्टमध्ये घेण्याआधी तिचे उघडे बग किती, शेवटचं अपडेट कधीचं, सपोर्ट कोण देणार हे तपासणारे. क्लाउडचं बिल जरा वाढलं की मीटिंग लावणारे. आणि हीच मंडळी पाच-सात वर्षं हप्ते फेडायची वस्तू वीस मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हवर घेतात. दार लावताना "धप्प" असा भारदस्त आवाज आला, म्हणून! त्यात कोणी सर्व्हिसचा खर्च विचारला की तो कंजूस, त्याची 'कितना देती है' मेंटॅलिटी, तो मिडलक्लास. अरे, आपण सगळेच मिडलक्लास आहोत. फरक एवढाच की काहींचा हप्ता चालू आहे आणि काहींचा चालू व्हायचाय.

टिकाऊपणा म्हणजे फक्त इंजिन, हा आपला पहिला गोड गैरसमज. तो मोडायला भारतातच एक सुंदर प्रयोग झालाय, कोणी मुद्दाम न करता. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन. २००७ मध्ये ते मारुतीच्या स्विफ्टमध्ये आलं. २००९ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली फियाटची ग्रँड पुंटो आली, तिच्यातही हेच इंजिन. पुंटोचं रूप जोर्जेत्तो जुजारोंच्या हातचं. आजही ती कुठे दिसली तर जुनाट वाटत नाही. म्हणजे इंजिनाचं घराणं एक, आणि देखणेपणात पुंटो कणभर पुढेच. तरी स्विफ्ट गल्लोगल्ली झाली आणि पुंटो शेवटी भारतातून गेली.

कारणं अनेक होती, पण एक मोठं कारण बॉनेटखाली नव्हतंच. फियाटच्या गाड्या आधी टाटांच्या शोरूममधून विकल्या जायच्या. २०१२ मध्ये दोघांनी विक्री वेगळी करायचं ठरवलं आणि फियाटला स्वतःचं जाळं जवळजवळ शून्यापासून उभं करावं लागलं. गिऱ्हाईकाने यातून एकच अर्थ काढला: उद्या हेडलाइट फुटला तर तो मिळणार कुठे? आमच्या भाषेत सांगायचं तर बिघाड किती वेळाने होतो हा एक आकडा, आणि झालेला बिघाड दुरुस्त व्हायला किती वेळ लागतो हा दुसरा. गाडी घेताना आपण फार तर पहिल्याची चौकशी करतो. रडवतो मात्र दुसरा.

ओळखीतल्या एकाची गाडी (कंपनीचं नाव सांगत नाही, मुद्दा तो नाही) एका सुट्या भागासाठी तेवीस दिवस सर्व्हिस सेंटरच्या आवारात उभी होती. बिघाड किरकोळ. पण पार्ट "वरून" यायचा होता. तेवीस दिवस साहेब कॅबने ऑफिसला, आणि हप्ता मात्र वेळेवर कट! बिल पाहिलं तर पार्टची किंमत कॅबच्या खर्चापेक्षा कमी. हा खर्च कोणत्याही ब्रोशरमध्ये छापलेला नसतो.

आता पोलोकडे येतो, कारण आमच्या पिढीचा सगळ्यात मोठा जीव तिच्यावरच आहे. चाकणला बनायची. २०१० ला आली, २०२२ ला बंद झाली, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात आजही तिचं नाव निघालं की लोक हळवे होतात. त्यातही २०१३ ला आलेली जीटी टीएसआय म्हणजे देव्हाऱ्यातली. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल आणि सात गियरचा डीएसजी. या डीएसजीत दोन क्लच असतात. एक गियर चालू असतानाच पुढचा तयार असतो, त्यामुळे गियर लोण्यासारखे पडतात. मोकळ्या एक्सप्रेसवेवर याला तोड नाही, अगदी मान्य.

पण या गियरबॉक्सचे दोन्ही क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. ट्रॅफिकमध्ये गाडी इंचाइंचाने सरकते तेव्हा क्लच अर्धवट घसरत राहतो, आणि घसरण म्हणजे उष्णता. आता संध्याकाळी सात वाजता हिंजवडीहून वाकडकडे निघालेला माणूस डोळ्यांपुढे आणा. चीनमध्ये तक्रारी वाढल्यावर फोक्सवॅगनने २०१२ मध्ये तिथे डीएसजीची वॉरंटी १० वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर केली आणि मार्च २०१३ मध्ये ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभर याच सात गियरवाल्या डीएसजीतलं सिंथेटिक तेल बदलून मिनरल तेल घालायची मोहीम जाहीर झाली, कारण उष्ण दमट हवेत विजेचा बिघाड होण्याची शक्यता होती. उष्ण, दमट आणि ट्रॅफिक. मुंबई-ठाण्याचं वर्णन याहून वेगळं काय करणार?

२०२० मध्ये पोलोला नवं १.० लिटरचं टर्बो इंजिन मिळालं तेव्हा ऑटोमॅटिकसाठी कंपनीनेच साधा, जुन्या पठडीचा टॉर्क कन्व्हर्टर दिला. म्हणून डीएसजी वाईट का? नाही. पुढे १.५ लिटर इंजिनाच्या टायगुन आणि व्हर्टसमध्ये तो परत आलाच, आणि लाखभर किलोमीटर विनातक्रार चालवणारेही आहेत. माझं म्हणणं एवढंच की तो कोणत्या रस्त्यासाठी घेताय, हा प्रश्न "दिलसे" सुटत नाही.

आता थोडं एक्सेल. आकडे माझे, फक्त उदाहरणापुरते, तुम्ही तुमचे घाला. समजा एक साधी गाडी ऑन रोड ९ लाखांना घेतली आणि पाच वर्षांनी ५ लाखांना विकली. घट ४ लाख. दुसरी देखणी, १० लाखांची, गेली साडेचारला. घट साडेपाच लाख. सर्व्हिस पहिलीची वर्षाला ७ हजार, दुसरीची १४ हजार, म्हणजे पाच वर्षांत ३५ हजारांचा फरक. वॉरंटी संपल्यावर काहीच मोठं बिघडलं नाही, तरी देखणी गाडी १ लाख ८५ हजारांनी महाग पडली. आणि गियरबॉक्स गेला, दीड लाखाचं बिल आलं, वर बारा हजार कॅबला गेले, तर फरक ३ लाख ४७ हजार. शोरूममध्ये तो एक लाख दिसत होता!

आता यावर कोणी म्हणेल, "ठीक आहे, देखणेपणासाठी महिन्याला तीन हजार मोजायची माझी तयारी आहे." अगदी खुशाल मोजा. याला मी शौक म्हणेन आणि मनापासून दाद देईन. शौकाची किंमत माहीत असणं आणि ती दर महिन्याला बाजूला काढून ठेवणं, यात गैर काहीच नाही. पण १ लाख ८५ हजार आणि ३ लाख ४७ हजार यांच्यामध्ये एक शक्यता बसलेली आहे. गियरबॉक्स जायची शक्यता शंभरात दोन आहे की पंचवीस? दोन असेल तर शौक, पंचवीस असेल तर जुगार. आणि हा आकडा भारतात गिऱ्हाईकाला कोणी देत नाही.

मला खरा राग येतो तो इथे. जर्मनीत एडीएसी ही वाहनचालकांची संस्था आपल्या मदत-गाड्यांच्या नोंदींवरून कोणतं मॉडेल रस्त्यात किती वेळा बंद पडलं याची आकडेवारी दरवर्षी छापते. ब्रिटनमध्ये गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीचे निकाल सरकारच खुले करतं, कोणीही उतरवून घ्यावेत. आपल्याकडे काय? रिव्ह्यूवाला कंपनीने दिलेली धुतलेली गाडी दोन दिवस घाटात फिरवतो आणि "हँडलिंग शार्प आहे" सांगतो. आठ हजार किलोमीटरवर ब्रेक पॅड किती झिजले, पाचव्या वर्षी सस्पेन्शन किती ठोकतंय, हे कळायचा मार्ग म्हणजे मित्राचा मित्र.

कंपन्यांकडे हे आकडे नसतात असं नाही. एक्स्टेंडेड वॉरंटीची किंमत काय हवेतून ठरते? कुठला भाग किती वेळा जातो हे माहीत असल्याशिवाय ती ठरवताच येत नाही. म्हणजे ते गणित करतात, आपण मात्र करायचं नाही. आपण दिलसे घ्यायचं!

दुरुस्तीचं कुलूपही त्यांच्याच हातात. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोकला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला सहज मिळू देत नाहीत, असा ठपका होता. यादीत फोक्सवॅगन, फियाट होत्या तशा मारुती, टाटा, टोयोटाही होत्या, त्यामुळे साध्या गाडीवाल्यांनी उगाच कॉलर ताठ करू नये. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. चांगली सुरुवात. पण पोर्टलवर माहिती असणं आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला स्कॅनर आणि पार्ट मिळणं यात बरंच अंतर आहे. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत टिकली, ती काही अमर इंजिनामुळे नव्हे. ती कुठल्याही गॅरेजमध्ये उघडता आणि परत बसवता यायची.

"पण पोलोची बॉडी बघ, सेफ्टी बघ," हा प्रतिवाद येणारच, आणि तो खोटा नाही. फक्त तो माझ्या बाजूचा आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांच्या क्रॅश टेस्टचे निकाल जाहीर केले. बिनएअरबॅगच्या पोलोलाही शून्य तारे मिळाले. फोक्सवॅगनने ती विकणंच थांबवलं, आणि दोन एअरबॅगवालीला चार तारे मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून तर आपलं स्वतःचं भारत एनकॅप सुरू झालं, आणि आता जाहिरातीत तारे मिरवतात. दहा वर्षांपूर्वी "भारतात सेफ्टी विकत नाही" म्हणणारे हेच लोक! आकडा चव्हाट्यावर आला की कंपनी हलते. मग टिकाऊपणाचे तारे का नकोत? अपघातात गाडी वाचवते की नाही हे कळण्याचा हक्क आहे, तर रात्री दोन वाजता आईला दवाखान्यात न्यायचं असताना ती चालू होईल की नाही हे कळण्याचा का नाही?

तोवर आपल्या हातात प्रश्न आहेत. शोरूममध्ये रंग निवडण्याआधी क्लच, हेडलाइट, साइड मिरर, पुढचा शॉकअब्सॉर्बर आणि एसी कॉम्प्रेसर या पाच गोष्टींची किंमत लेखी मागा, आणि मिळायला किती दिवस लागतात तेही. एक्स्टेंडेड वॉरंटी किती वर्षांपर्यंत देतात आणि त्यात गियरबॉक्स आहे का, ते वाचा. जुनी घेताय तर अधिकृत सर्व्हिसची पूर्ण हिस्टरी बघा. आणि शोरूमबाहेर पडल्यावर सर्व्हिस सेंटरला चक्कर मारा. तिथे धूळ खात उभ्या असलेल्या गाड्या ब्रोशरपेक्षा खरं बोलतात.

सेल्समन तुमच्याकडे "हा कसला गिऱ्हाईक" अशा नजरेने बघेल. बघू दे. एकाने विचारलं तर तो हसेल, रोज दहा जणांनी विचारलं तर त्याला उत्तर छापून ठेवावं लागेल. देखणी गाडी घ्याच. पण पाच वर्षं न रडवता चालणं हाही डिझाइनचाच भाग आहे, आणि जिने तो अर्धवट सोडलाय तिला पूर्ण किंमत कशाला द्यायची?