नाचोज आणि सर्व्हिस चार्ज

तुमच्याकडे आई किंवा सासूबाई चार दिवस राहायला आल्या की रविवारी 'चला, आज बाहेर जेवू' हे ठरलेलंच असतं, नाही का? आमच्याकडेही झालं. आई मिरजेहून बेंगळुरूला आली होती, लेकीचा सतरावा वाढदिवस होता आणि तिने इंदिरानगरातलं एक मेक्सिकन रेस्टॉरंट निवडलं. छताला रंगीत कागदी पताका, भिंतीवर रंगवलेले निवडुंग आणि गाणी इतक्या जोरात की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे.

टेबलावर मेन्यूकार्ड नव्हतं, क्यूआर कोड चिकटवलेला होता. आईने चष्मा काढला, त्या ठिपक्यांकडे पाहिलं आणि चष्मा परत डबीत ठेवला. "तुम्ही मागवाल ते मी खाईन," म्हणाली. हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ऐकायला समजूतदार वाटतं, पण बहुतेक वेळा ती माघार असते. हीच आई आमच्या कोपऱ्यावरच्या दर्शिनीत समोरच्याच्या ताटलीकडे बोट दाखवून हवं ते मागून घेते. तिथे ताटली आपणच उचलायची, उभ्याने खायचं. पण काय मिळणार ते डोळ्यांसमोर असतं. कन्नड येत नाही म्हणून तिचं तिथे कधी अडलेलं नाही.

छापलेलं कार्ड मागितलं तर "सगळं फोनवरच आहे मॅम" म्हणून एक मुलगा निघून गेला. दुसरा आला तो ईशान्येकडचा, विशीतला. तो थेट आईच्या बाजूला येऊन वाकला. "आंटी, ये मक्के की रोटी है. तीखा चलेगा?"

"मिरजेची आहे मी," आई मराठीतच म्हणाली. त्याला काय कळलं कोण जाणे, पण तीन वाट्यांत तीन साल्सा चाखायला घेऊन आला.

मग आईची चौकशी सुरू झाली. मक्याची भाकरी तर मोडते, ही टॉर्टिया दुमडते कशी? पोराला उत्तर ठाऊक होतं: चुना. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवायचा, साल सुटली की धुऊन वाटायचा. "पान का चूना?" आईने डोळे मोठे केले. "हाँ आंटी, वही." चुन्यामुळे पीठ चिकट होतं, शिवाय मक्यातलं नायसिन अंगी लागतं. मका युरोपात गेला, पण ही युक्ती मेक्सिकोतच राहिली. पुढे तिकडे नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा आजार झाला. मिरची आणि टोमॅटोही मूळचे तिकडचेच, पोर्तुगीजांमुळे आपल्याकडे पोहोचले, असं लेकीने सांगितलं. ते मात्र आईला फारसं रुचलं नाही. ठेचा आपला तो आपलाच.

नाचोज आले तेव्हा मला त्यांची गोष्ट आठवली. 1940 च्या दशकात मेक्सिकोच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात काही अमेरिकन बायका हॉटेलात आल्या. आचारी जागेवर नव्हता. पाहुण्यांची व्यवस्था बघणारे इग्नासिओ अनाया स्वतःच स्वयंपाकघरात शिरले, टॉर्टियाचे तुकडे, चीज आणि हालापिन्यो मिरची एवढ्यावर बशी सजवून आणली. इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो. आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही, एवढ्यातून हा पदार्थ झाला.

बिल आलं. जेवणाचे 2,400 रुपये, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज 240, आणि या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी. एकूण 2,772. तुम्ही बिल वाचता का? आमच्याकडे वाचायला घेतलं की "वाढदिवसाला कशाला" असं होतं. मी वाचलं. सर्व्हिस चार्ज हा कर नाही, तो सरकारकडे जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या सूचनांनुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही नाही. हॉटेलांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. 28 मार्च 2025 ला न्यायालयाने या सूचना कायम ठेवल्या. आधी शांतपणे काढायला सांगायचं. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

मॅनेजर म्हणाले, "हे पैसे स्टाफलाच जातात." जातही असतील. पण त्यातले किती कार्ड न देणाऱ्या मुलाला आणि किती चुन्याची गोष्ट सांगणाऱ्याला, हे मला कसं कळणार? दोन मिनिटं कुरकुर झाली, मग नवं बिल आलं, 2,520 चं. वाचलेल्या 252 मधले दोनशे मी आईच्या हातात दिले आणि तिने ते त्या पोराच्या हातात. घरी आईला फोन करतोस ना रे, हेही विचारून घेतलं, तिच्या हिंदीत.

दुसऱ्या दिवशी ती गाडीवरून दोन बटर फ्रूट घेऊन आली. इथे अव्होकाडोला हेच म्हणतात आणि त्याचा मिल्कशेक करतात. तिने ते लसूण-मिरचीबरोबर खलबत्त्यात ठेचलं, वर लिंबू पिळलं आणि ज्वारीच्या भाकरीशी वाढलं. लेक म्हणाली, आजी, हे ग्वाकामोले. आई म्हणाली, मीठ जरा कमी झालंय.