ईसीएम बदलण्याआधी तपासणीचे पैसे द्या



मागच्या धानाच्या सीझनमध्ये लाखांदूर तालुक्यातल्या एका प्रेक्षकाचा फोन आला. २०१८ ची सेकंडहँड पिकअप, किस्त चालू, राईस मिलचं भाडं ठरलेलं. गाडी खड्ड्यात आदळली की बंद पडायची आणि थोड्या वेळाने सुरू व्हायची. आता मात्र सुरूच होत नव्हती. मेकॅनिक म्हणाला, ईसीएम गेला. भाऊंचा प्रश्न होता, "सर, नवीन टाकू, जुना टाकू, की रिपेअर करून घेऊ?"

मी विचारलं, "ईसीएमच गेला हे तपासलं कसं?" ते म्हणाले, "तपासलं नाही सर, अंदाज आहे."

आजचा मुद्दा हाच आहे. हजारो रुपयांच्या डब्याला आपण लगेच हो म्हणतो आणि हजार रुपयांच्या तपासणीवर घासाघीस करतो. माझं मत स्पष्ट आहे: आधी तपासणीचे पैसे द्या, मग पार्टचे.

हा प्रश्न आता वाढणार आहे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ लागू झालं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. मधल्या तीन वर्षांतल्या गाड्या आता सेकंडहँड बाजारात आहेत, त्यांची वॉरंटी संपलेली आहे आणि पहिली गाडी घेणारे तुमच्यासारखे लोकच त्या घेतात. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत मिस्त्री नुसतं ऐकून दोष सांगायचा. कॉमन रेल इंजिनमध्ये कोणता इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचा, हे ईसीएम ठरवतो. क्रँक सेन्सर, ॲक्सिलरेटर पेडल, इंजिनचं तापमान, रेलमधलं प्रेशर ही सगळी माहिती त्याच्याकडे जाते. यातली एखादी महत्त्वाची वायर तुटली तरी गाडी बंद पडते आणि नाव मात्र ईसीएमचं येतं.

नुसता स्कॅनर लावला म्हणजे तपासणी झाली असं नाही. स्कॅनर कोड दाखवतो, कारण आपल्यालाच शोधावं लागतं. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन हे क्रमाने बघतो:

- बॅटरी आणि अर्थ. सेल मारताना व्होल्टेज किती खाली येतं? इंजिन आणि चासीची अर्थ वायर सैल किंवा गंजलेली आहे का?
- ईसीएमच्या कनेक्टरपर्यंत करंट आणि अर्थ पोचतो का? फ्यूज आणि रिले ठीक आहेत का?
- कनेक्टरमध्ये पाणी, हिरवा गंज, वाकलेली पिन आहे का? गाडी धानाच्या गोदामाजवळ उभी राहत असेल, तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का?
- सेन्सरचा ५ व्होल्ट सप्लाय. एक सेन्सर शॉर्ट झाला तर तो सगळा सप्लाय खाली ओढू शकतो आणि ईसीएमच मेला असं वाटतं. एकेक सेन्सर काढत गेल्यावर ५ व्होल्ट परत आले, तर दोष सापडला.

हे सगळं बरोबर असूनही ईसीएम काम करत नसेल, तरच त्याच्यावर संशय घ्या.

आता त्या भाऊंचं काय झालं? त्यांच्या गाडीत शेवटी ईसीएमच खराब निघाला. मग तपासणीचे पैसे वाया गेले का? नाही. त्याच तपासणीत इंजेक्टरची एक वायर घासून इंजिनला टेकत असलेली सापडली. ती तशीच राहिली असती, तर नवीन ईसीएमही जळण्याची भीती होती. अंदाज बरोबर आला असता, तरी पैसे दोनदा गेले असते.

आता हिशोब बघा. समजा दिवसाचं भाडं ३,००० रुपये आणि डिझेल १,२०० रुपये. गाडी उभी राहिली तर डिझेल वाचतं, पण ड्रायव्हरचा पगार आणि किस्त थांबत नाही. म्हणजे रोजचं १,८०० रुपयांचं नुकसान. अंदाजाने पार्ट मागवला, यायला ६ दिवस लागले आणि बसवल्यावर कळलं की दोष दुसरीकडेच होता. १०,८०० रुपये असेच गेले, डब्याचे पैसे वेगळे. शिवाय एकदा बसवलेला इलेक्ट्रॉनिक पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही.

ईसीएम खरंच गेला असेल, तर माझा क्रम असा आहे.

पहिला पर्याय रिपेअर. बोर्ड फार जळलेला किंवा पाण्यात बुडालेला नसेल, तर खराब कपॅसिटर, ड्रायव्हर चिप, सुटलेलं सोल्डर दुरुस्त होऊ शकतं आणि गाडीचा मूळ डेटा वाचतो. डबा काढून नागपूरला नेता येतो, त्यासाठी गाडी टोचन करून न्यायची गरज नाही. काय बदललं ते लिहून घ्या, वॉरंटी मागा.

दुसरा पर्याय नवीन. पण तो लावला आणि गाडी सुरू झाली, असं होत नाही. गाडीनुसार प्रोग्रामिंग, इंजेक्टरवरचे कोड, इमोबिलायझर असेल तर चावी, हे सगळं जुळवावं लागतं. कोटेशनमध्ये हे धरलंय का, ते आधी विचारा.

शेवटचा पर्याय जुना. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. बिल नसेल तर घेऊ नका, चोरीच्या गाडीचा निघाला तर धंदा बाजूला आणि पोलीस स्टेशनच्या चकरा सुरू.

दोन सवयी लावून घ्या. मागच्या बॉडीला वेल्डिंग करायचं असेल, तर आधी बॅटरी आणि ईसीएमचे कनेक्टर काढा. वॉशिंग सेंटरवर ईसीएमवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. आणि सेकंडहँड गाडी घेताना कनेक्टर उघडून बघा. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला होता. पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून चकाचक दिसते, गंज आत असतो.

शेवटी धंद्याची गोष्ट. जो माणूस दोन तास मीटर लावून सांगतो की "भाऊ, ईसीएम ठीक आहे, ही अर्थ वायर बदला," त्याने तुमचे हजारो रुपये वाचवले. पण वायर शंभर रुपयांची म्हणून आपण त्याला शंभरच द्यायला बघतो. मग पुढच्या वेळी तोही तपासत बसत नाही, सरळ डबा बदलायला सांगतो. आपणच त्याला ती सवय लावतो.

उद्या तुम्ही मोबाइल रिपेअरिंग कराल, मोटार वाइंडिंग कराल, नाहीतर स्वतःच गाड्यांचं वायरिंगचं दुकान टाकाल. पहिल्या दिवसापासून तपासणीचा दर बोर्डवर लिहा. आणि तो दर दुसऱ्याने सांगितला, तर घासाघीस न करता द्या.

तुमची गाडी किंवा मशीन अंदाजाने रिपेअर करून किती नुकसान झालं? कमेंटमध्ये आकड्यासकट लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातलेच हिशोब घेऊ.