तुमचा फार्मासिस्ट वर्गात शेवटचा कधी बसला होता?

काही वर्षांपूर्वी साठीतल्या एक काकू माझ्याकडे आल्या. तोंडभर फोड, पाणी गिळतानाही आग, अंगात कणकण. उष्णता झाली असेल म्हणून घरच्यांनी चार-पाच दिवस गुलकंद आणि सब्जा देऊन पाहिला होता. मी विचारले, "सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?" मुलाने पिशवीतून पाकिटे काढून टेबलावर ठेवली आणि माझ्या पोटात गोळा आला.

त्यात मेथोट्रेक्सेट होती. आमवातावरचे हे जुने, स्वस्त आणि चांगले औषध आहे. पण आमवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. त्याचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून सोबत फॉलिक ॲसिडची गोळी देतात. काकूंना ती मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून रोज घ्यायला सांगितली होती. दोन्ही गोळ्या छोट्या, पिवळसर. दुकानात पाकिटांवर पेनाने लिहिताना अदलाबदल झाली होती. मेथोट्रेक्सेटवर 'रोज १' आणि फॉलिक ॲसिडवर 'दर बुधवारी'. काकू अकरा दिवस इमानेइतबारे तसेच घेत होत्या.

रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या होत्या. रुग्णालयात भरती, फोलिनिक ॲसिडची इंजेक्शने, जंतुसंसर्गाची भीती, दोन आठवडे घरादाराची झोप उडालेली. काकू वाचल्या. या चुकीतून प्रत्येक जण वाचतोच असे नाही.

चूक कोणाची? दुकानातला फार्मासिस्ट जेवायला घरी गेला होता आणि मदतनीस मुलाने औषध दिले. तज्ज्ञ डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'वीकली' हा शब्द इंग्रजीत, बारीक अक्षरात लिहिला होता. मुलाला बस पकडायची होती, त्याने काही विचारले नाही. आणि मी? चार दिवस आधी काकू ब्लडप्रेशर तपासायला माझ्याकडे आल्या होत्या. तेव्हा मी ती पिशवी उघडायला सांगितली नव्हती. चार ठिकाणी ही चूक पकडता आली असती, चारही ठिकाणी ती निसटली.

त्यातले शेवटचे ठिकाण, जिथे औषध प्रत्यक्ष रुग्णाच्या हातात पडते, ते म्हणजे मेडिकलचे काउंटर. तिथल्या माणसाने शिकत राहणे हा तुमच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि आज आपण तो पुरेशा गांभीर्याने घेत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेडिकल म्हणजे किराणा नव्हे

आपण औषधाच्या दुकानाला 'मेडिकल' म्हणतो आणि तिथल्या माणसाला 'मेडिकलवाला'. पण १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. त्याने डी.फार्म., बी.फार्म. किंवा फार्म.डी. केलेले असते आणि राज्याच्या फार्मसी परिषदेत त्याची नोंदणी असते. चिठ्ठी वाचणे, मात्रा बरोबर आहे का पाहणे, दोन औषधांचे आपसात पटते का ते तपासणे आणि औषध कसे घ्यायचे हे रुग्णाला समजावणे हे त्याचे काम. पट्टी कापून बिल करणे हा त्या कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे.

हे काम नीट झाले तर काय होते, तेही सांगतो. एका आजींना आमांशासाठी मी मेट्रोनिडाझोल लिहून दिले. अर्ध्या तासात कोपऱ्यावरच्या फार्मासिस्टचा फोन आला. "सर, या आजी दर महिन्याला माझ्याकडून वॉरफेरिन नेतात. चालेल ना?" आजींच्या हृदयाची झडप बदललेली होती आणि वॉरफेरिन हे रक्त गोठू न देणारे औषध त्या घेत होत्या. मेट्रोनिडाझोलमुळे वॉरफेरिनचा परिणाम वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. आजींनी सांगितले नाही, आणि गर्दीत मी विचारले नाही. मी औषध बदलले. नंतर त्याला विचारले, हे तुझ्या लक्षात कसे आले? तो म्हणाला, "रिफ्रेशर कोर्समध्ये एका मॅडमनी अगदी अशीच केस सांगितली होती."

त्या मॅडमना मी ओळखत नाही. पण त्यांच्या त्या तासामुळे माझी एक चूक रुग्णापर्यंत पोहोचली नाही.

चाळीस वर्षांत सोळा दिवस

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या नियमांनुसार नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी फार्मासिस्टने पाच वर्षांत किमान दोन रिफ्रेशर कोर्स करायचे असतात, प्रत्येकी किमान एक दिवसाचा. आपल्याकडे महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषद असे कोर्स घेते. नियम आहे ही चांगलीच गोष्ट आहे. पण हिशेब करून पाहा. एकविसाव्या वर्षी काउंटरवर उभा राहिलेला तरुण चाळीस वर्षे काम करतो असे धरले, तर किमान अट पाळून तो आयुष्यभरात सोळा दिवस शिकेल.

या काळात औषधांचे जग किती बदलते? २००५ साली डी.फार्म. झालेल्या माणसाचे उदाहरण घ्या. २०११ मध्ये निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यावर बंदी आली. मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू झाले. त्यात अनेक प्रभावी अँटिबायोटिक्स आणि क्षयरोगाची औषधे आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. २०२३ च्या डिसेंबरात सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणाबद्दल (क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन) केंद्रीय औषध नियंत्रकांनी आदेश काढला, की चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा लेबलवर छापा. मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे तर त्याच्या अभ्यासक्रमातच नव्हती. आज ती गावोगावच्या मेडिकलमध्ये मिळतात. उलट्या-जुलाब होऊन खाणेपिणे बंद झाले असेल तेव्हा ही गोळी तात्पुरती थांबवावी लागते, त्यासाठी डॉक्टरांना लगेच फोन करायचा असतो. हे त्या रुग्णाला काउंटरवर कोणी सांगितले असेल का?

यातले काहीच त्याला कॉलेजात शिकवलेले नाही. शिकण्याची सोय आणि सवय नसेल, तर तो २००५ च्या ज्ञानावर आजच्या चिठ्ठ्या वाचणार.

काय शिकवायला हवे?

माझी तक्रार कोर्सच्या दिवसांच्या संख्येपुरती नाही. सभागृहात दीडशे लोक बसवून दिवसभर भाषणे ऐकवली आणि संध्याकाळी प्रमाणपत्र दिले, तर दुसऱ्या दिवशी काउंटरवर फारसे काही बदलत नाही. हे मी खात्रीने सांगतो, कारण आम्हा डॉक्टरांचेही तेच आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नियमाप्रमाणे आम्हाला पाच वर्षांत ३० क्रेडिट तास मिळवावे लागतात. सही करून, जेवून, अर्ध्यातून निघून आलेल्या परिषदा माझ्याही खात्यावर आहेत. त्यामुळे हे बोलताना मी वरच्या पायरीवर उभा नाही.

शिक्षण काउंटरवरच्या रोजच्या चुकांपासून सुरू व्हायला हवे. दोन उदाहरणे देतो.

पहिले, इन्सुलिन. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचे असते, आणि १०० युनिटचेही मिळते. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत १०० युनिटचे इन्सुलिन भरले, तर शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात आणि साखर एकदम खाली येऊन रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. उलट घोळ झाला तर २० ऐवजी ८ युनिट जातात आणि साखर उतरतच नाही. मग आम्ही डॉक्टर डोस वाढवत बसतो.

दुसरे, लहान मुलांचे पॅरासिटामॉल. थेंबांच्या बाटलीत साधारणपणे एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असते. नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५, म्हणजे एका मिलिलिटरला २५. थेंबाचे औषध चौपट तीव्र. "सिरप नाहीये, ड्रॉप्स देतो, तेच आहे" हे वाक्य म्हणूनच धोक्याचे.

अशा गोष्टी दर एक-दोन महिन्यांनी तासभर बसून, आपल्याच तालुक्यातल्या खऱ्या प्रसंगांवरून शिकता येतात. त्या तासाला डॉक्टरही हवेत, कारण निम्म्या चुका आमच्या अक्षरातून आणि घाईतून सुरू होतात. औषधाचे नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे, असे आमच्या नियमांत २०१६ पासून आहे. किती जण पाळतात ते तुमच्या फायलीत बघा. दुकानातला मदतनीसही शिकवणीतून सुटता कामा नये. चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टनेच द्यायचे, पण नावात साम्य असलेली औषधे रॅकमध्ये शेजारी ठेवू नयेत एवढे तरी त्याला कळायला हवे. आणि झालेली किंवा होता होता राहिलेली चूक नाव न घेता सांगण्याची मुभा हवी. शिक्षेच्या भीतीने लपवलेली चूक पुढच्या दुकानात पुन्हा होते.

फार्मासिस्टची बाजूही ऐकायला हवी. एक जण मला म्हणाला, "डॉक्टर, दिवसभर दुकान बंद ठेवून कोर्सला जायचे, आणि समजावून सांगायला लागलो की गिऱ्हाईक म्हणते, ते राहू द्या, डिस्काउंट किती देता सांगा." त्याचे खरे आहे. कोर्स त्याच्या वेळेत आणि गावाजवळ व्हायला हवेत. पण समजावून सांगणाऱ्या माणसाची किंमत करणे मात्र तुमच्या-माझ्या हातात आहे.

तुम्ही काय करू शकता?

१. औषध घेताना विचारा, "फार्मासिस्ट कोण आहेत?" ते नसतील आणि घाई नसेल तर थोडे थांबा. हा तुमचा हक्क आहे, यात उद्धटपणा काही नाही.

२. औषध कशासाठी, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, किती दिवस हे विचारा आणि ऐकलेले परत बोलून दाखवा. काकूंच्या मुलाने एवढे केले असते तर कदाचित पुढचे टळले असते.

३. आधीपासून चालू असलेली सगळी औषधे सांगा, आयुर्वेदिक आणि दुकानातून स्वतः आणलेलीही. रक्त पातळ ठेवणारी गोळी, फिट्सचे किंवा क्षयरोगाचे औषध, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, ॲलर्जी हे न विचारता सांगा.

४. पट्टीवरचे नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळवा. "हे नाही, पण तसेच दुसरे देतो" म्हटले तर आधी डॉक्टरांना फोन करा. शेड्यूल एच मधल्या औषधाऐवजी परस्पर दुसरे देण्याची कायद्याने मुभा नाही.

५. पट्टी कापून घेतली तर नाव आणि मुदत दिसणारा भाग जपा. बिल घ्या. त्यावर बॅच क्रमांक असतो. एखादी बॅच सदोष निघाली तर तुमच्या घरातली पट्टी त्यातली आहे का, हे त्यावरून कळते.

६. औषधाने त्रास झाला तर आधी डॉक्टरांना कळवा. भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही नोंद करू शकतो.

हा लेख वाचून चालू असलेली कोणतीही गोळी मनाने बंद करू नका. शंका आली तर सगळी पाकिटे एका पिशवीत भरून डॉक्टरांकडे किंवा फार्मासिस्टकडे घेऊन जा.

त्या काकू आजही माझ्याकडे येतात. मेथोट्रेक्सेट तज्ज्ञांच्या सल्ल्याने कायमची बंद झाली, आमवातावर दुसरे औषध चालू आहे. नवीन पाकीट आणले की दुकानातच थांबून त्या फार्मासिस्टला प्रत्येक गोळी विचारतात आणि घरी येऊन पाकिटावर स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहितात. मागे रांग लागली, कोणी कुरकुरले, तरी हलत नाहीत. तुम्ही त्या रांगेत असाल तर कृपया दोन मिनिटे थांबा, आणि तुमचा नंबर आला की तुम्हीही विचारा.