पांढऱ्या खांबांची घरं

मे २०२५मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातली ‘नॉटोवे’ ही १८५९ सालची प्रचंड हवेली आगीत खाक झाली. कुणी हळहळलं, तर कुणी जाहीर आनंद व्यक्त केला. एका जुन्या घरावरून लोक इतक्या दोन टोकांना का जावेत? या प्रश्नातूनच आमच्या या अंकाची जुळणी झाली.

उत्तरासाठी अशीच दुसरी हवेली, मिसिसिपी नदीकाठची ‘ओक ॲली’ पाहा. १८३९मध्ये पूर्ण झालेल्या या घराभोवती २८ भव्य खांब आहेत. दिसायला संगमरवरी, प्रत्यक्षात विटांवर गिलावा. खोल व्हरांडे हा तिथल्या उकाड्यावरचा उतारा. रचनेला दाद द्यावीच लागते. पण हे वैभव उसाच्या मळ्यांचं आणि मळे गुलामांच्या घामाचे. इथल्याच अंत्वान नावाच्या गुलाम माळ्यानं १८४६-४७च्या हिवाळ्यात पिकॅनची कलमं यशस्वी केली. मालमत्तेच्या यादीत मात्र त्याची नोंद किमतीसह आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना. म्हणजे हा विषय आपल्याला परका नाही.

या अंकात आम्ही खांब, जिने, गच्च्या यांविषयी लिहिलं आहेच. पण दिवाणखान्याइतकीच जागा मागच्या, गुलामांच्या झोपड्यांना दिली आहे. २०१४पासून गुलामांच्या बाजूनं इतिहास सांगणाऱ्या ‘व्हिटनी’ संग्रहालयावरही लेख आहे. अशी वास्तू जपावी का, आणि जपायची तर कशी? तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा. विरोधी मतांचं विशेष स्वागत!